नावं आधी, सजावट नंतर: घरच्या आठवणी जपायला सुरुवात कुठून करायची

घरातल्या आठवणी जपायच्या असं मनात आलं की पहिली फेरी मेन रोडच्या बाजारात होते. रंगीत कागद, चमकी, नवा अल्बम, फ्रेम अशी पिशवी भरून घरी येते. ही खरेदी थोडी लांबवा. आधी लागतात त्या तीन गोष्टी घरातच असतात: मऊ शिशाची पेन्सिल, मोबाइल आणि घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस. नाशिकच्या जुन्या वाड्यांतून फ्लॅटमध्ये येताना कितीतरी घरांनी ट्रंका उचलून आणल्या, त्यातले फोटो सांभाळले, आणि आज त्यातले अर्धेअधिक चेहरे घरात कुणालाच ओळखता येत नाहीत. फोटो शाबूत आहेत, माहिती गेली. म्हणून माझा आग्रह असा की आधी नावं लिहून घ्या, मग वस्तू नीट ठेवा, आणि हस्तकलेला त्यानंतर हात घाला.

फोटोंवर नावं

एका बैठकीला पंधरा-वीस फोटोच घ्या. वयस्कर माणसं अर्ध्या-पाऊण तासात थकतात, आणि थकल्यावर ‘असेल कुणीतरी’ अशी उत्तरं यायला लागतात. दुपारच्या चहानंतरची वेळ चांगली. फोटो हातात देण्याआधी हात धुऊन कोरडे करा, कडेला धरूनच फिरवा. बोटाचा घाम आणि तेल चकचकीत बाजूवर बसलं की डाग कायमचा राहतो.

मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून रेकॉर्डिंग सुरू करा. तो टेबलावर ठेवू नका, कपबशीचा प्रत्येक आवाज त्यात घुमतो. घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद करा. ‘तुमच्या लहानपणाबद्दल सांगा ना’ असं विचारलं की आजी दोन वाक्यांत आटोपतं घेते. त्यापेक्षा ‘लग्नात पंगत कुठे बसली होती?’, ‘हा फोटो काढायला कुठल्या स्टुडिओत गेला होतात, आणि ही साडी कुणाची?’ असं विचारा. बारीक प्रश्नाला लांब उत्तर मिळतं.

तारीख आठवत नसली तर नाशिककरांकडे तिच्या काही ठरलेल्या खुणा आहेत. सिंहस्थ कुंभमेळा ही सगळ्यात पक्की. १९८०, १९९१, २००३, २०१५ यांपैकी ‘कुठल्या सिंहस्थाच्या आधी?’ असं विचारलं की आकडा जवळ येतो. वडीलधाऱ्यांना १९६९ चा गोदेचा महापूर आठवतो. ‘पुरानंतरचा की आधीचा?’ हा प्रश्न पंचवटी आणि सराफ बाजाराच्या बाजूच्या घरांत हमखास चालतो. चैत्रातल्या कामदा एकादशीच्या रथोत्सवाचा फोटो असेल तर महिना आपोआप कळतो. आणि मांडीवर जे बाळ आहे त्याचा जन्म कधीचा, हे विचारलं की वर्षच हाती लागतं.

मिळालेली माहिती फोटोच्या मागे, कडेला, हलक्या हाताने पेन्सिलीने लिहा. फोटो पालथा घालताना खाली स्वच्छ, सपाट आणि कडक काहीतरी हवं, नाहीतर अक्षरांचा उठाव पुढच्या बाजूला दिसतो. बॉलपेन वापरू नका. दाब पडतोच, शिवाय शाई हळूहळू पलीकडे उतरते. १९८० नंतरच्या बऱ्याच रंगीत फोटोंची पाठ गुळगुळीत असते, तिच्यावर पेन्सिल उठत नाही. त्यांच्यासाठी कागदी पाकीट घ्या, पाकिटावर आधी लिहा आणि मग फोटो आत सरकवा.

बायकांची नावं लिहिताना माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही लिहा. लग्नात नाव बदलायची पद्धत आपल्याकडे इतकी सर्रास होती की एकाच बाईला तिच्या भावाच्या घरातले लोक एका नावाने ओळखतात आणि दिराच्या घरातले दुसऱ्या. पुढच्या पिढीला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. नुसतं ‘काकू’ किंवा ‘वहिनी’ लिहिलंत तर तीस वर्षांनी ते कुणाच्या उपयोगाचं नाही.

चिकट अल्बम आणि ओलावा

१९८०-९० च्या दशकांत लग्नात भेट आलेले जाड पानांचे अल्बम घरोघरी आहेत: पानाला गोंदाच्या रेघा आणि वरून पारदर्शक कागद. हे अल्बम फोटोंचे शत्रू आहेत. गोंद पिवळा पडतो आणि फोटोला धरून बसतो. फोटो त्यातून काढा, पण कोपरा धरून ओढू नका. दात साफ करायचा मेण नसलेला धागा, म्हणजे फ्लॉस, फोटोच्या मागे सरकवून करवतीसारखा पुढेमागे हलवत न्या. अगदीच निघत नसेल तर त्या पानाचाच चांगला फोटो काढून ते पान तसंच ठेवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोलाही हाच नियम. काचेसकट स्कॅन करा.

फोटो लॅमिनेट करू नका, फाटलेल्याला सेलोटेप लावू नका, मागे फेव्हिकॉल नको. या तिन्हींतून परत फिरता येत नाही. भिंतीवर लावायची असेल तर प्रत लावा, मूळ फोटो अंधारात राहू दे.

स्कॅनिंगचं साधं गणित: पासपोर्टपासून पोस्टकार्डापर्यंतच्या छोट्या फोटोंना ६०० डीपीआय (इंचामागे ठिपके), त्याहून मोठ्यांना ३०० पुरतं. स्कॅनर नसेल तर खिडकीपाशी, ऊन थेट पडणार नाही अशा उजेडात फोटो ठेवा आणि मोबाइल त्याला समांतर धरून, फ्लॅश बंद करून काढा.

ठेवायची जागा माळ्यावर नको. नाशिकचा उन्हाळा स्लॅबखाली फार तापतो. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाटही नको, कारण ती भिंत ओल धरते. आतल्या भिंतीचं कपाट, मधला कप्पा, कागदी पाकिटं आणि सिलिका जेलच्या पुड्या इतकं केलं तरी बुरशी बरीच लांब राहते. पोथ्यांच्या बासनात वेखंड ठेवायची जुनी रीत चांगली आहे, मात्र पुरचुंडी फोटोला लागू देऊ नका. डांबरगोळ्या फोटोंजवळ बिलकूल नकोत. ट्रंक लोखंडी असेल तर आत धुतलेलं सुती कापड अंथरा, गंजाचा डाग कागदावर उतरतो. दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत ट्रंक एक दिवस सावलीत उघडी ठेवायची.

गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठल्या अंगापर्यंत पाणी आलं यावर पूर मोजणाऱ्या गावात राहतो, तेव्हा भिजलेल्या फोटोंचंही माहीत असू दे. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो ओढून सोडवायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्यात ठेवले की बहुतेक वेळा सुटतात. मग चित्र वर करून कोऱ्या कागदावर सावलीत वाळवा. त्या दिवशी वेळच नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका. बुरशी थांबते आणि सवडीने काम करता येतं.

वंशवेल: रामकुंडावरून सुरुवात

इथे नाशिककरांना जी सोय आहे ती फार थोड्या गावांना आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी आहेत. श्राद्धाला, अस्थिविसर्जनाला, सिंहस्थाला आलेल्या यजमानांची नावं, गाव, भाऊ, मुलं अशा नोंदी चोपड्यांत असतात. काही ठिकाणी पणजोबांच्या हातची सहीही सापडते. पंचवटीत रामकुंडाच्या आसपास चौकशी केली की तुमच्या गावाचे उपाध्याय कोण हे कळतं. जाताना मूळ गाव (आता राहता ते नाही, पूर्वजांचं), आडनाव, कूळ-जात आणि आजोबा-पणजोबांची नावं कागदावर लिहून न्या. सकाळी विधींची गर्दी असते, म्हणून थोडं उशिरा जा. चोपडीचा फोटो परवानगीशिवाय काढू नका, दक्षिणा द्या आणि आपल्या पिढीची नोंद करून या. जुनी पानं मोडी लिपीत असतात. ती गुरुजींकडूनच वाचून घ्या आणि आवाज रेकॉर्ड करा.

नामावळीत प्रामुख्याने पुरुषांची नावं सापडतात. मुली, सुना, आत्या, लहानपणी गेलेली भावंडं तिथे दिसतीलच असं नाही. ती आपण भरायची. मोठ्या कार्डपेपरवर पेन्सिलीने आराखडा करा, प्रत्येक जोडप्याखाली सगळी मुलं जन्माच्या क्रमाने, मुलीही त्याच रेषेवर, आणि मुलगी लग्न होऊन कुठल्या गावी गेली ते तिच्या नावाखाली. रंगवायचं असेल तर वारलीची चौकट छान दिसते, पोस्टर रंग आणि बारीक ब्रश पुरतो. पण आराखडा पक्का होईपर्यंत रंग नको. प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी एक नाव दुरुस्त करतंच.

भांड्यांवरची नावं

तांब्या-पितळेच्या भांड्यांवरचे कोरीव लेख ही घरातली सगळ्यात दुर्लक्षित कागदपत्रं आहेत. पिंप, घंगाळं, परात, तांब्या उलटून-पालटून बघा. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, निमित्त आणि पुष्कळदा तारीख, बारीक ठिपक्यांनी ठोकलेली. पणजीच्या लग्नाची तारीख कुठल्याच कागदावर नसते आणि कळशीच्या गळ्याशी सापडते.

त्याचा ठसा घ्यायला पाच मिनिटं लागतात. भांडं कोरडं पुसा. पातळ कागद, पतंगाचा किंवा बटर पेपर, अक्षरांवर ताणून धरा, दुसऱ्या कुणाला कडा दाबायला सांगा. ४बी किंवा ६बी पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेने हळू घासत जा. खोल अक्षरं पांढरी राहतात आणि भोवती काळं उमटतं. आधी काही दिसत नाही, मग एकदम ‘चि. सौ. कां.’ उठून येतं. ठशाच्या खाली भांडं कोणतं आणि आता कुणाकडे आहे ते लिहा. हे ठसे फ्रेम केले तर भिंतीवर फार देखणे दिसतात. अक्षरांच्या जागी चिंच आणि राख जोरात घासू नका. वर्षानुवर्षं घासून पुसट झालेली नावं मी बऱ्याच घरांत पाहिली आहेत.

बाळाचा हात

याला मुहूर्त गणपतीच्या आधीचा, कारण तेव्हा शाडू माती सहज मिळते. माती पाण्यात मळून मऊ करा, भेगा पडेनाशा झाल्या की पुठ्ठ्यावर दोन बोटं जाडीची वडी थापा. बाळ झोपलेलं असताना त्याचा तळहात किंवा पाऊल हलकेच दाबा, बोटं एकेक करून. लगेच ओल्या फडक्याने हात पुसा.

वडीभोवती पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळून भिंत करा. आता प्लास्टर ऑफ पॅरिस: मापाने एक वाटी पाणी, दोन वाट्या पावडर. पावडर पाण्यात सोडायची, पाणी पावडरीत नाही, नाहीतर गुठळ्या होतात. तोंडाला रुमाल बांधा. हलवून लगेच ओता, कारण मिनिटांतच घट्ट व्हायला लागतं. ओतल्यावर पुठ्ठा हलके ठोका म्हणजे बुडबुडे वर येतात. पृष्ठभाग दह्याएवढा घट्ट झाला की खिळ्याने नाव, वय, तारीख कोरून टाका. हीच बाजू मागची होणार आहे. पाऊण तासाने माती सोडवा, ठसा आठवडाभर सावलीत वाळू द्या. नुसत्या शाडूचा ठसा वाळवून ठेवण्याचा मोह होतो, पण माती वाळताना आकसते आणि तडकते.

एक गोष्ट ठामपणे: मुलांचा हात प्लास्टरमध्ये कधीही बुडवायचा नाही. प्लास्टर घट्ट होताना खूप तापतं आणि त्याने गंभीर भाजल्याच्या घटना झालेल्या आहेत. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका, पाइप बंद होतो. डब्यात घट्ट होऊ द्या आणि कचऱ्यात टाका.

मसाल्याची वही

‘अंदाजाने घालायचं, हाताला कळतं.’ आजीच्या या वाक्यावर अनेक वह्या थांबलेल्या असतात. उपाय किचनच्या वजनकाट्याचा. काट्यावर ताट ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि आजीला तिच्या सवयीने मूठ टाकू द्या. तिची धन्यांची मूठ २० ग्रॅम भरते की ३५, हे वजन केल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक जिन्नसाच्या आधी काटा परत शून्यावर आणा. पुढच्या वेळी मसाला होईल तेव्हा पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

वजनात न मावणाऱ्या गोष्टी वेगळ्या टिपा. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलतं, मग वाटून चीक काढतात, एवढं कुठेही मिळेल. पण चीक शिजला हे ती कशावरून ओळखते? पळी वर उचलून धरते, धार कशी तुटते ते बघते, चमक आली का ते बघते. त्या क्षणी उभं राहून व्हिडिओ घ्या आणि हात दिसू द्या. चेहरा नसला तरी चालेल. एक तरी पाककृती तिला स्वतःच्या अक्षरात लिहायला सांगा. लिहिता येत नसेल तर तिच्याकडून बोलून घ्या, सोबत जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही. ती वही स्वयंपाकघरात वापरायची नाही, झेरॉक्स वापरा.

गोधडी

सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त समाधान देणारं काम हेच. आजीच्या सुती नऊवारीपासून सुरुवात करा. ती साधारण ८ मीटर असते. चार सारखे भाग केले की २ मीटरचे चार थर मिळतात, आणि रुंदी मीटर-सव्वा मीटरची, म्हणजे एका माणसाला पुरेशी. नाशिकच्या थंडीसाठी मध्ये आणखी दोन-तीन थर घाला: आजोबांची धोतरं, जुन्या मऊ चादरी. सगळं सुतीच घ्या. नायलॉन, टेरिकॉट सुतीबरोबर शिवलं की गोधडी चुण्या पडून आकसते. येवल्याची पैठणी, रेशमी शालू यांना कात्री लावू नका; त्या मलमलीत गुंडाळून ठेवा आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर त्याच रेषेवर जर तुटते.

कापडं धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्या. खळ राहता कामा नये. फरशी पुसून सगळ्यात खालचा थर पालथा अंथरा, वर एकेक थर, प्रत्येक वेळी दोघांनी टोकं धरून ताणायचं. कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवा. मग मधून कडेकडे मोठे कच्चे टाके घाला, म्हणजे चुण्या बाहेर जातात. वरचा थर सगळ्यात शेवटी. त्यावर कोणाच्या कपड्याचा तुकडा कुठे येणार हे आधी नुसतं मांडून बघा: शाळेच्या गणवेशाचा खिसा, बाबांच्या शर्टाची पट्टी, बाळाच्या कुंचीची किनार. खिसा शिवताना तोंड उघडं ठेवा, आत चिठ्ठी ठेवता येते.

चारी बाजूंना साडीचा काठ दुमडून लावा. आता जाड सुती दुहेरी दोरा आणि लांब सुई घेऊन धावदोरा. कडेपासून सुरुवात करून चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं, ओळींत दोन बोटांचं अंतर, टाका साधारण १ सेंटिमीटर. सुई सगळ्या थरांतून खाली गेली पाहिजे. दर काही टाक्यांनी गोधडी उलटून मागची बाजू बघा. टाके वाकडे आले तर उसवत बसू नका. जिच्या हाताची जशी ओळ, तशी ती गोधडीत दिसली पाहिजे, आणि घरातल्या तिघी-चौघींनी शिवली असेल तर कुणाचा कोपरा कोणता ते लांबून ओळखू येतं.

शेवटी एका कोपऱ्यात साखळी टाक्याने वर्ष आणि शिवणाऱ्यांची नावं. पुरुषांनी शिवलं असेल तर त्यांचीही. मागच्या बाजूला कापडाची छोटी पट्टी लावून न पुसणाऱ्या मार्करने लिहा: ही साडी कुणाची, हा खिसा कुणाचा. धुताना गार पाणी, हातानेच, आणि वाळवायची सावलीत.

प्रती कुणाकडे

स्कॅन केलेले फोटो, रेकॉर्डिंग, मसाल्याची वही, वंशवेल यांच्या तीन प्रती ठेवा: एक घरच्या संगणकावर, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावंडाकडे. फाइलचं नाव देताना वर्ष आधी लिहा, ‘१९८०_सिंहस्थ_रामकुंड_आजी-मावशी’ असं, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. पेनड्राइव्हवर विसंबू नका, नुसत्या मोबाइलवरही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो लहान होऊन जातो, म्हणून नातेवाइकांकडून मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा. हार्ड डिस्क दर पाच-सहा वर्षांनी बदला, आणि नवीवर सगळं उतरवल्यावर निरनिराळ्या वर्षांच्या चार-सहा फाइली प्रत्यक्ष उघडून बघितल्याशिवाय जुनी पुसू नका.